होय, मी सांगतो तसंच कर!

इंग्रजी कीबोर्डावर ‘ई’ आणि ‘आर’ ही अक्षरं एकमेकांना खेटून बसलेली आहेत. ती तशी बसवली गेली तेव्हा सर्व्हर नावाची वस्तूच जगात नव्हती, त्यामुळे कीबोर्ड बनवणाऱ्यांना दोष देता येत नाही. दोष द्यायचाच तर पुढच्या मंडळींना द्यावा लागेल. लिनक्सच्या सर्व्हरवर कोणतं काम किती वाजता आपोआप व्हायचं, याचं वेळापत्रक ‘क्रॉनटॅब’ या कमांडच्या ताब्यात असतं. रात्री दोनला बॅकअप, तीनला जुन्या लॉगची साफसफाई, पहाटे पाचला साहेबांना रिपोर्ट. या वेळापत्रकात दुरुस्ती करायची तर ‘क्रॉनटॅब -ई’ असं टाइप करायचं. आणि अख्खं वेळापत्रक कायमचं पुसून टाकायचं तर ‘क्रॉनटॅब -आर’. बोट एक घर उजवीकडे सरकलं की वर्षानुवर्षं जमवलेलं सगळं गेलं. कमांड विचारत नाही, बजावत नाही, झाल्यावर हळहळतही नाही. कर्सर मात्र पूर्वीइतक्याच उत्साहाने मिचमिचत राहतो. पत्ता लागतो तो त्या रात्री नाही, कारण न झालेला बॅकअप आवाज करत नाही. पत्ता लागतो महिन्याभराने, तो बॅकअप लागतो तेव्हा. यावर एखादं नवखं पोर विचारतंच, “सर, पुसण्याआधी त्याने एकदा विचारायला नको का?” सर म्हणतात, “विचारतं की! सोबत -आय लावायचं.” पोर म्हणतं, “पण सर, ज्याला पुसायचंच नव्हतं, तो -आय कशाला लावेल?” यावर सरांचं ठरलेलं उत्तर असतं, “मॅन्युअल वाच.” म्हणजे पुसायच्या आधी थांबवणारी कळ उपलब्ध आहे, फक्त ती लावायला आपण पुसतोय हे आधी ठाऊक असावं लागतं. आणि ज्याला ते ठाऊक आहे, त्याला थांबवायची गरज नाही.

हा तुटकपणा या कमांडींना जन्मजात आहे, आणि जन्मवेळी तो शहाणपणाचाच होता. १९६९ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी लिनक्सचं पूर्वज असलेलं युनिक्स लिहायला घेतलं तेव्हा त्यांच्यासमोर आजच्यासारखा पडदा नव्हता. होता तो टेलिटाइप मॉडेल ३३ : जोर लावून दाबायच्या कळा, खडखडाट, आणि कागदाच्या गुंडाळीवर सेकंदाला जेमतेम १० अक्षरं. ‘तुमची फाइल यशस्वीरीत्या कॉपी झाली आहे, धन्यवाद’ एवढं छापायला त्या यंत्राला चार-पाच सेकंद लागले असते आणि कागद गेला असता तो वेगळाच. तेव्हा त्यांनी ठरवलं, काम झालं तर गप्प बसायचं, बिघडलं तरच बोलायचं, तेही मोजकं. म्हणून कॉपीचं ‘सीपी’ झालं, मूव्हचं ‘एमव्ही’, रिमूव्हचं ‘आरएम’. त्यांच्या ‘ईडी’ या एडिटरने तर काटकसरीची हद्द केली. तुमचं काहीही चुकलेलं असो, उत्तर एकच : प्रश्नचिन्ह. काय चुकलं ते तुमचं तुम्ही शोधा. फाइल तयार करणाऱ्या ‘क्रिएट’ या सिस्टिम कॉलच्या स्पेलिंगातला शेवटचा ‘ई’सुद्धा काटकसरीत गेला. पुढे थॉम्पसन यांना कुणी विचारलं, की पुन्हा युनिक्स लिहायचं झालं तर काय बदलाल? तो ‘ई’ लावेन, म्हणाले. पन्नासहून जास्त वर्षं झाली, ‘ई’ अजून आलेला नाही. टेलिटाइप संग्रहालयात गेला, कागद संपला, पण गप्प बसायची सवय गेली नाही. तक्रार काही आजची नाही. १९८१ साली डॉन नॉर्मन यांनी ‘डेटामेशन’ मासिकात युनिक्सची वापरण्याची तऱ्हा भयंकर आहे असं स्पष्ट लिहिलं. १९९४ साली तर युनिक्सचा तिटकारा असणाऱ्यांनी ‘युनिक्स-हेटर्स हँडबुक’ हा जाडजूड ग्रंथच काढला, आणि त्यात उलट बाजूची प्रस्तावना लिहिली खुद्द डेनिस रिची यांनी. तक्रार इतक्या खेळीमेळीने ऐकून घेतली जाते, तेव्हा समजावं की काहीही बदलणार नाही.

तुटकपणा एक वेळ अंगवळणी पडतो. लहरीपणा पडत नाही. दूरच्या सर्व्हरमध्ये शिरायला ‘एसएसएच’ आणि तिथे फाइल पाठवायला ‘एससीपी’ अशा दोन कमांडी आहेत. दोघी एकाच पोतडीतून बाहेर येतात, एकाच वाटेने जातात. पण पोर्टचा आकडा सांगायचा तर एसएसएचला छोटा ‘पी’ लागतो आणि एससीपीला मोठा. एससीपीला चुकून छोटा दिला तर ती फाइलची जुनी तारीख-वेळ जपण्याचं मनावर घेते, आणि पोर्टचा आकडा हे फाइलचंच नाव असणार असं समजून ‘२२२२’ नावाची फाइल शोधायला निघते. मग ती सापडत नाही म्हणून आपल्यालाच सुनावते. ‘-व्ही’ म्हणजे बहुतेक ठिकाणी ‘जरा सविस्तर बोल’. तेच ‘ग्रेप’ला सांगितलं तर ‘मी म्हणतो ते सोडून बाकी सगळं दाखव’. एखादी सेवा बंद करून पुन्हा चालू करायची तर वर्षानुवर्षं ‘सर्व्हिस इंजिनएक्स रिस्टार्ट’ असं म्हणायची पद्धत होती. बोटांना ते वळण लागलं, आणि मग ‘सिस्टिमसीटीएल’ आलं. त्याला ‘रिस्टार्ट इंजिनएक्स’ असं उलट क्रमाने हवं असतं. तेव्हापासून निम्मी जनता आधी चुकीच्या क्रमाने टाइप करते, स्वतःला एक शिवी देते आणि मग बरोबर टाइप करते. ती शिवीही आता कमांडचाच भाग होऊन बसली आहे. आणि ‘किलऑल’? लिनक्सवर तिला प्रोग्रॅमचं नाव द्यायचं, ती त्या नावाचे तेवढे प्रोग्रॅम बंद करते. सोलॅरिसवर ती नावं विचारण्याच्या फंदात न पडता दिसेल ते सगळंच बंद करते. लिनक्सवर हात बसलेला माणूस सोलॅरिसवर गेला की त्याला हा फरक अतिशय थोडक्या वेळात समजतो. यातली एकही कमांड बिघडलेली नाही, हे लक्षात घ्यावं. प्रत्येक कमांड मॅन्युअलबरहुकूम वागते. माणूसच तेवढा मॅन्युअलबरहुकूम जन्माला आलेला नाही.

आता एकच कमांड जरा जवळून पाहू. नव्या सहकाऱ्याला डॉकर वापरायची मुभा हवी आहे, म्हणजे त्याचं नाव ‘डॉकर’ गटात घालायचं आहे. त्यासाठी ‘यूजरमॉड’ आहे. तिला मोठा ‘जी’ द्यायचा, गटाचं नाव द्यायचं, माणसाचं नाव द्यायचं. वाचणाऱ्याला वाटतं आपण म्हणालो, ‘याला डॉकर गटात घे’. कमांडला ऐकू येतं, ‘याला बाकीच्या सगळ्या गटांतून काढ आणि एकट्या डॉकरमध्ये ठेव’. भर घालायची असेल तर सोबत छोटा ‘ए’ लावावा लागतो. भर घालायला जादा अक्षर, उडवायला नाही! आता हीच कमांड अ‍ॅडमिनने स्वतःच्या नावावर चालवली तर तो ‘सुडो’ गटातूनही बाहेर पडतो, म्हणजे त्याचे सगळे अधिकार त्याने स्वतःच्या हाताने आणि पूर्ण अधिकारांनिशी काढून घेतलेले असतात. पुढच्या लॉगिनला तो काही करायला जातो तेव्हा सुडो त्याला थंडपणे सांगतं, की तुमचं नाव यादीत नाही. जुन्या आवृत्त्यांमध्ये वर आणखी एक वाक्य यायचं, की या प्रकाराची वर नोंद केली जाईल. वर म्हणजे कुणाकडे? त्या सर्व्हरवर वर बसलेला माणूस एकच, तोच हा. सिस्कोच्या स्विचवरही हाच न्याय आहे. ट्रंकवर ३० नंबरचं व्हीलॅन वाढवायचं तर मध्ये ‘अ‍ॅड’ हा शब्द लागतो. तो राहिला तर आधीची सगळी यादी जाऊन एकटं ३० उरतं, आणि मजल्यावरचे लोक एकमेकांना विचारू लागतात, “तुझं नेट चालू आहे का रे?”

हे सगळं जर इतकं उघड आहे, तर कुणी दुरुस्त का करत नाही? करू शकणारे लोक मूर्ख नाहीत, आळशी नाहीत आणि दुष्ट तर नाहीतच. अडचण निराळी आहे. कमांड सोपी करायची कुवत ज्याच्याकडे येते, त्याला ती कमांड अवघड वाटणं तोवर थांबलेलं असतं. पहिल्या आठवड्यात माणूस म्हणतो, “हे काय भलतंच!” पण तेव्हा त्याला कोड बदलता येत नाही. तिसऱ्या वर्षी कोड बदलता येतो, पण तोवर बोटं परस्पर ‘ए’ लावतात आणि डोक्यापर्यंत तक्रार पोहोचत नाही. दहाव्या वर्षी तर त्याला ते सुंदर वाटू लागतं. मग तो नव्या मुलाला ऐकवतो, “आम्ही रात्र रात्र मॅन्युअल वाचून शिकलो, तुम्हाला सगळं हातात हवं.” यात द्वेष नसतो, अभिमान असतो, जे सोसून मिळालं ते सोसण्याच्या लायकीचं होतं, असं मानल्याशिवाय माणसाला झोप लागत नाही. त्या मॅन्युअलचीही गंमत आहे. त्यात सगळं असतं. आधी कमांडचं नाव, मग चौकोनी कंसांची रांग, मग ए ते झेड सगळ्या अक्षरांचे अर्थ, शेवटी लेखकाचं नाव आणि बग कुठे कळवावेत त्याचा पत्ता. नसतं ते एकच : लोकांना रोज लागणारं सरळ उदाहरण. लोणच्याची कृती सांगणारी मावशी जशी “मीठ अंदाजाने घाल गं” म्हणून मोकळी होते, तसं मॅन्युअल आपल्याला अंदाजावर सोडून देतं. मावशीचा अंदाज चाळीस वर्षांचा असतो, आपला पहिल्याच बरणीचा. अखेर वैतागलेल्या लोकांनी ‘टीएलडीआर’ नावाचा उपक्रम काढून प्रत्येक कमांडची पाच-सात उदाहरणं एका पानात मांडली. ही पानं लिहायला फारशी अक्कल लागत नव्हती. लागत होती ती आपल्याला काय येत नव्हतं याची आठवण, आणि तीच तज्ज्ञांपाशी शिल्लक नसते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. चुका नवखे करतात, शिकले की थांबतात. नवख्यांसाठी साधन सोपं कशाला करायचं? ऐकायला हे रास्त वाटतं, पण दाखले उलटे आहेत. १९९८ साली पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी २’ तयार होत असताना कुणीतरी चुकीच्या ठिकाणी ‘आरएम’ सोडली आणि पडद्यावरची पात्रं एकेक करून नाहीशी होऊ लागली. बॅकअप पाहिले, तर तेही निकामी. चित्रपट वाचला तो गेलिन सुसमन या तंत्र-दिग्दर्शिकेच्या घरच्या संगणकावर प्रत होती म्हणून. बाळ लहान असल्यामुळे त्या घरून काम करत होत्या. म्हणजे कंपनीच्या सगळ्या यंत्रणेपेक्षा तान्ह्या बाळाची व्यवस्था भक्कम निघाली. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅबमध्ये, उशीर झाला म्हणून उठायच्या बेतात असलेल्या इंजिनिअरने बिघडलेल्या डेटाबेसचा फाइलसाठा पुसण्याची कमांड दिली. कमांड बरोबर होती, सर्व्हर चुकीचा होता. सेकंद-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, त्याने थांबवलं, पण सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार उरले होते. मग बॅकअपचे पाच निरनिराळे मार्ग तपासले आणि एकही धड निघाला नाही. एक तर कित्येक दिवस बंद होता, आणि तो बंद असल्याच्या ईमेल मेल-सर्व्हर परत पाठवत होता. अखेर कामी आली ती काय? त्याच इंजिनिअरने सहा तासांपूर्वी भलत्याच कामासाठी हाताने काढून ठेवलेली प्रत. याच वर्षी २८ फेब्रुवारीला अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री सेवेत अधिकृत माणसाने, लिहून दिलेल्या पद्धतीनुसार, थोडे सर्व्हर बाजूला काढायची कमांड दिली. कमांडला दिलेली एक गोष्ट चुकली आणि थोड्याऐवजी पुष्कळ सर्व्हर निघाले. निम्मं इंटरनेट आडवं झालं, आणि सेवा बंद असल्याचं सांगणारा फलक बदलता येईना, कारण तो फलकही त्याच सेवेवर उभा होता. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकमध्ये नेटवर्कची क्षमता तपासायला दिलेल्या कमांडने नेटवर्कच काढून टाकलं. असल्या कमांडी अडवायला नेमलेल्या तपासनीस प्रोग्रॅममध्येही बग होता. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते. व्हॉट्सअ‍ॅप गेलं आणि कित्येक घरांत माणसं जेवताना नाइलाजाने एकमेकांशी बोलली. यात नवखा कोण होता? नवख्याला एवढी मोठी चूक करण्याची परवानगीच नसते. ती मिळवायला आठ-दहा वर्षं नोकरी करावी लागते.

दाखल्यांपेक्षा त्यांच्यावरचा इलाज जास्त बोलका आहे. नेहमीच्या कचेरीत असं काही झालं की दुसऱ्या दिवशी बैठक बसते. “कारण काय?” “मानवी चूक, सर.” “मग उपाय?” “ट्रेनिंग ठेवू, सर.” ट्रेनिंग होतं, त्यात साठ स्लाइड असतात, एकोणसाठाव्या स्लाइडवर ‘काळजी घ्या’ असं लाल अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि समोसे गरम असतात. सगळे काळजी घ्यायला लागतात, ती साधारण समोसे पचेपर्यंत टिकते. अ‍ॅमेझॉनने मात्र जाहीर केलेल्या निवेदनात माणसाला सुधारण्याची भाषा केली नाही, साधन बदललं. यापुढे ती कमांड सर्व्हर सावकाश काढेल, आणि ठरावीक किमान क्षमतेच्या खाली न्यायचा हुकूम मिळाला तर ऐकणार नाही. गिटलॅबनेही आपल्या कामांच्या यादीत एक साधी गोष्ट लिहिली : आपण कोणत्या सर्व्हरवर आहोत ते प्रॉम्प्टवरूनच ठळक कळलं पाहिजे. इतकी साधी गोष्ट त्याआधी सुचली नव्हती असं नाही. ती तातडीची वाटली नव्हती. एरवी मूळ सर्व्हर आणि त्याची नक्कल यांच्या नावांत ‘वन’ आणि ‘टू’ एवढाच फरक असतो, आणि रात्री साडेअकरा वाजता तो फरक फारच तात्त्विक वाटतो.

दुसरा आक्षेप सोप्या मनाचा आहे. मग प्रत्येक ठिकाणी ‘खात्री आहे का?’ असं विचारू या! इथे माणसाच्या स्वभावाची गाठ पडते. चार वेळा ‘खात्री आहे का?’ विचारलं की पाचव्यांदा प्रश्न वाचायच्या आधी ‘वाय’ दाबलेला असतो. दाबायचाही कंटाळा येईल हे जाणून युनिक्सने १९७९ पासूनच ‘येस’ नावाचा प्रोग्रॅम दिला आहे. त्याचं आयुष्यातलं एकमेव काम म्हणजे थांबवेपर्यंत ‘वाय, वाय, वाय’ म्हणत राहणं. नोकरशाहीला इतका नेमका होयबा आजवर मिळालेला नाही. काही ठिकाणी ‘आरएम’ला नेहमी विचारूनच पुसायला लावतात, लोक एक-दोन दिवस ऐकतात आणि मग सवयीने पुढे ‘-एफ’ जोडतात, म्हणजे ‘विचारू नकोस’. तेव्हा कुणाला वाटलं, ‘वाय’ फार सोपा आहे, मोठं वाक्य टाइप करायला लावू. ‘अ‍ॅप्ट’ या पॅकेज सांभाळणाऱ्या साधनाने ते केलं. अत्यावश्यक पॅकेज काढायची वेळ आली की ते धोक्याची सूचना देऊन शब्दशः ‘होय, मी सांगतो तसंच कर!’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य, उद्गारचिन्हासकट, टाइप करायला लावायचं. वाटलं होतं, एवढं लिहिताना माणूस शुद्धीवर येईल. २०२१ साली एका प्रसिद्ध यूट्यूबरला कॅमेऱ्यासमोर फक्त गेम खेळायचं स्टीम बसवायचं होतं. पॅकेजातल्या गडबडीमुळे अ‍ॅप्टला वाटलं की त्यासाठी अख्खा डेस्कटॉप काढावा लागेल. त्याने ते वाक्य उद्गारचिन्हासकट टाइप केलं आणि अ‍ॅप्टने सांगितलं तसंच केलं. थोड्याच दिवसांत अ‍ॅप्टच्या कर्त्यांनी असली पॅकेजं काढण्याचा मार्ग स्वतःहून सुचवणंच बंद केलं. पुन्हा तेच : वाक्य आणखी लांब केलं नाही, साधनाचं वागणं बदललं.

म्हणजे विचारूच नये असं नाही. उत्तर द्यायला डोकं लागेल असं विचारावं. डेबियनमध्ये ‘मॉली-गार्ड’ नावाचं छोटंसं पॅकेज आहे. नाव मॉली नावाच्या एका चिमुरडीवरून पडलं. प्रोग्रॅमर पालकाबरोबर मशीन-रूममध्ये आलेल्या या मुलीने आयबीएमच्या मेनफ्रेमचं मोठं लाल बटण एकाच दिवसात दोनदा दाबलं, मग त्या बटणावर पारदर्शक झाकण बसवण्यात आलं. हे पॅकेज काय करतं? दुरून लॉगिन करून कुणी सर्व्हर बंद करायला निघालं, तर ‘खात्री आहे का?’ असं विचारत नाही. ‘या सर्व्हरचं नाव सांगा,’ असं म्हणतं. खात्री सगळ्यांना असते, नाव सगळ्यांना ठाऊक नसतं. ज्याला वाटतंय आपण टेस्टच्या सर्व्हरवर आहोत, तो टेस्टचं नाव लिहितो आणि तिथेच वाचतो. उबुंटूचं ‘नेटप्लॅन ट्राय’ आणखी समंजस आहे. नेटवर्कची नवी मांडणी लावून ते १२० सेकंद वाट पाहतं. एंटर आला तर ठीक, नाही आला तर ते समजतं की साहेबांनी बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवली, आणि जुनी मांडणी परत लावतं. एरवी अशा वेळी डेटा सेंटरला फोन करून अनोळखी माणसाला “दादा, जरा तिसऱ्या रॅकमधल्या खालून दुसऱ्या मशीनला मॉनिटर लावता का?” अशी अजिजी करावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरशेलमध्ये तर २००६ पासून ‘-व्हॉटइफ’ची सोय आहे. कमांड काही करत नाही, केलं असतं तर काय झालं असतं ते सांगते. लग्न, फ्लॅट आणि शेअर बाजार यांत अशी सोय अजून आलेली नाही; सर्व्हरमध्ये आली असून आपण ती वापरत नाही.

तिसरा आक्षेप खरोखर वजनदार आहे. जुन्या कमांडींवर लाखो स्क्रिप्ट उभ्या आहेत. एक अक्षर हललं तर कुठल्याशा बँकेची पगाराची स्क्रिप्ट कोसळेल, आणि ती लिहिणारा कॅनडात गेलेला असतो. हे खरं आहे. पण त्यातून ‘म्हणून काहीच करू नये’ हे निघत नाही. अ‍ॅप्टवाल्यांनी २०१४ मध्ये जुनं ‘अ‍ॅप्ट-गेट’ स्क्रिप्टांसाठी तसंच ठेवलं आणि माणसांसाठी प्रगतीची पट्टी दाखवणारी नुसती ‘अ‍ॅप्ट’ ही कमांड शेजारी मांडली. गिटमध्ये ‘चेकआउट’ ही एकच कमांड शाखा बदलायची आणि फाइलमधली मेहनतही पुसायची. २०१९ मध्ये तिच्या शेजारी ‘स्विच’ आणि ‘रिस्टोअर’ अशा दोन सरळ कमांडी दिल्या, जुनीला हात लावला नाही. जीएनयूच्या ‘आरएम’ने २००६ पासून मुळापासून सगळं पुसायचा हुकूम नाकारायला सुरुवात केली, आणि त्यामुळे एकाही सज्जन स्क्रिप्टचं वाईट झालं नाही. (शेवटी एक चांदणी लावली तर हा पहारेकरी आजही झोपतो, ही गोष्ट वेगळी.) आणि समोर माणूस आहे की स्क्रिप्ट, हे कमांडला कळणार कसं, असं कुणी विचारलं तर त्याला साधी ‘एलएस’ दाखवावी. पडद्यावर माणसासाठी ती फाइलींची नावं रांगांत मांडते, दुसऱ्या प्रोग्रॅमकडे पाठवताना एका ओळीत एक. कोण वाचतंय हे तिला कित्येक दशकं कळतंय. इतरांना कळत नाही असं नाही, त्यांनी पाहिलेलं नसतं.

चौथा आक्षेप कुणी मोठ्याने घेत नाही, पण मनात तोच पहिला असतो. सगळं सोपं झालं तर आपल्याला कोण विचारणार? असं वाटणाऱ्यांनी निर्धास्त असावं. एके काळी संकेतस्थळाला एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र लावणं म्हणजे ‘ओपनएसएसएल’चे लांबलचक मंत्र, पैसे भरणं आणि वर्षाने मुदत संपल्याचं ग्राहकाकडून कळणं असे. २०१५ च्या अखेरीस ‘लेट्स एन्क्रिप्ट’ लोकांसाठी खुलं झालं, पाठोपाठ ‘सर्टबॉट’ आला, आणि ते एका कमांडीचं, फुकटचं आणि आपोआप नवं होणारं काम झालं. म्हणून एकाही अ‍ॅडमिनची नोकरी गेल्याचं ऐकिवात नाही. उलट सर्टबॉट कधीतरी बिघडलाच तर तो का बिघडला हे कुणालाच कळत नसल्यामुळे त्यांचा भाव वाढला. मात्र सोपं करणं म्हणजे गोड करणं, असा समज करून घेऊ नये. हल्ली काही साधनं एवढी उत्साही झाली आहेत, की एक फाइल कॉपी झाली तरी रॉकेट उडवतात, रंगीत चौकटीत अभिनंदन करतात, आणि चूक झाली की “अरेरे! काहीतरी बिनसलं!” म्हणतात. ‘काहीतरी’ म्हणजे काय, ते सांगत नाहीत. अशा वेळी ‘ईडी’च्या प्रश्नचिन्हाबद्दल आदर वाटू लागतो, त्यात माहिती तेवढीच होती, पण निदान लाडीकपणा तरी नव्हता.

म्हणजे मागणी फार थोडी उरते. उडवणं हे भर घालण्यापेक्षा सोपं नसावं. करण्याआधी काय होईल ते दाखवावं. विचारायचंच तर ‘होय’ने भागणार नाही असं विचारावं. चूक झाली तर कुठे झाली आणि आता काय टाइप करायचं, ते त्याच ओळीत सांगावं. आणि मॅन्युअलची सुरुवात उदाहरणाने व्हावी. प्रत्येक कंपनीच्या घरगुती साधनासाठी या मागणीचं तिकीट कुणा ना कुणा नवख्याने टाकलेलं असतंच. सर ते उघडतात, “चांगली सूचना आहे, बघू” असं लिहितात आणि प्राधान्य ‘लो’ लावतात. त्यात सरांचं काही कपट नाही. अवघड वाटणं हे ज्याला अवघड जातं त्यालाच कळतं, आणि सरांना काही अवघड जात नाही, कारण सर आता ती कमांड स्वतः चालवतच नाहीत. अमेरिकेतल्या ग्राहकाच्या सर्व्हरवर ती हिंजवडीतलं पोर पहाटे तीनला चालवतं. अ‍ॅमेझॉनपासून अ‍ॅप्टपर्यंत दाखला एकच आहे. साधन सोपं झालं ते ज्याच्या हातात बदल करणं होतं, त्याच्या अंगाशी आलं त्या आठवड्यात. तेव्हा समित्या नेमू नका, सर्वेक्षणं घेऊ नका, समोसे मागवू नका. एक महिना रात्रपाळी सरांना लावा. तिकिटाचं प्राधान्य पहिल्याच पहाटे ‘अर्जंट’ होईल, आणि बदल निघेल बहुधा दहा-बारा ओळींचा.